एकाच जेवणानंतर सतरा जण आजारी पडले : कारण कसे शोधावे आणि जबाबदारी कशी ठरवावी?

धाकटी_बहीण (गुरुवार, सकाळ)

रविवारी दुपारी एकच्या सुमारास माझ्या थोरल्या भावाच्या घरी एका कौटुंबिक कार्यक्रमाचे जेवण झाले. लहानमोठी मिळून ३४ माणसे जेवली. स्वयंपाक बाहेरून मागवला होता. ते केटरर आमच्या परिचयाचे आहेत आणि त्यांच्या जेवणाबद्दल यापूर्वी कधी तक्रार झालेली नव्हती. रविवारी रात्री दहापासून सोमवारी पहाटे सहापर्यंत नातेवाइकांचे एकामागून एक फोन येत राहिले. बहुतेकांच्या पोटात जोराचा मुरडा येत होता आणि पाण्यासारखे जुलाब होत होते. उलटी एक-दोघांनाच झाली, ताप कुणालाही नव्हता. मंगळवारपर्यंत जवळजवळ सगळे सावरले. माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. त्यांचे जुलाब थांबले, पण उठून उभे राहिले की त्यांना अजूनही चक्कर येते. काल, म्हणजे बुधवारी, माझ्या चार वर्षांच्या पुतण्याला ताप आला आणि जुलाबातून थोडे रक्तही गेले.

घरात सर्वांचे एकमत आहे की दोष शेवटी वाढलेल्या दुधाच्या गोड पदार्थाचा होता, कारण तो काहींना किंचित आंबूस लागला. केटररना फोन केला तेव्हा ते म्हणाले की त्या दिवशी इतर कुणाचीही तक्रार आलेली नाही आणि अन्न आमच्याच घरी बाहेर राहिले असावे. एका काकांनी रागाच्या भरात त्यांचे नाव समाजमाध्यमावर टाकले आहे. भाऊ स्वतःला अपराधी मानून गप्प बसला आहे. मांसाच्या पदार्थाचा आणि गोड पदार्थाचा उरलेला भाग अजून फ्रिजमध्ये आहे, पण वहिनी आज तो टाकून देणार आहे.

ही खरोखर अन्नविषबाधाच आहे का, ती कशामुळे झाली हे आता कळू शकेल का, आणि पैसे भावाने दिले असल्यामुळे पाहुण्यांना काही मागण्याचा हक्क उरतो का, हे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त_चिकित्सक

बाकी सर्व प्रश्न बाजूला ठेवून पुतण्याला आजच डॉक्टरांकडे न्या. लहान मुलाच्या जुलाबातून रक्त जाणे आणि सोबत ताप असणे हे घरी थांबून पाहण्याचे लक्षण नाही. डॉक्टरांना शौचाच्या नमुन्याचे कल्चर, म्हणजे त्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याची तपासणी, करण्याची विनंती करा आणि शक्यतो प्रतिजैविक सुरू होण्याआधी नमुना जाऊ द्या, कारण औषधाचा एक-दोन दिवसांचा डोसही पुढे जिवाणू सापडणे अवघड करतो. जुलाब ताबडतोब थांबवणारी गोळी त्याला देऊ नका. ई. कोलाय या जिवाणूचे काही प्रकार शिगा नावाचे विष तयार करतात. त्या आजारात आतड्याची हालचाल औषधाने रोखणे धोक्याचे असते आणि प्रतिजैविकानेही मूत्रपिंडाच्या गुंतागुंतीचा धोका वाढू शकतो. ही गुंतागुंत जुलाब सुरू झाल्यानंतर साधारण आठवडाभराने दिसते. मूल फिकट पडते, सुस्त होते आणि लघवी फार कमी करते. त्यामुळे तो बरा वाटू लागला तरी पुढचे दहा दिवस त्याच्या लघवीकडे लक्ष असू द्या.

तुमच्या वडिलांना उभे राहिल्यावर चक्कर येते याचा सरळ अर्थ असा की शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार अजून पुरते भरून निघालेले नाहीत. त्यांना जलसंजीवनी द्या. तयार पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ हे प्रमाण अचूक पाळा. मीठ अंदाजाने जास्त पडले तर पाजलेले पाणीच अपाय करते. ते रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेत असतील तर त्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात हे त्यांच्या डॉक्टरांना आजच विचारा. वय ६५ च्या पुढे असलेली माणसे, तान्ही मुले, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधाने कमी झाली आहे असे रुग्ण यांच्या बाबतीत ‘आपोआप बरे होईल’ हा हिशेब चालत नाही. इतर कुणालाही पाणी पोटात टिकत नसेल, जुलाब तीन दिवसांपेक्षा जास्त लांबले असतील, किंवा एक वस्तू दोन दिसणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे अशी लक्षणे दिसली, तर घरी थांबू नका. ही शेवटची लक्षणे बोट्युलिझमची, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या एका जिवाणूच्या विषबाधेची असतात आणि त्यात तासांनाही किंमत असते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आजाराचे कारण ओळखताना मी चवीपेक्षा घड्याळावर जास्त विश्वास ठेवतो. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू अन्नातच विष तयार करून ठेवतो, म्हणून त्याचा आजार अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत सुरू होतो आणि त्यात उलट्या प्रमुख असतात. दुधाच्या गोड पदार्थावर संशय घेताना लोकांच्या मनात बहुधा हेच चित्र असते. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात आणि त्यातही उलट्या ठळक असतात. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागतो आणि बहुधा ताप येतो. तुमच्याकडे आजार नऊ ते सतरा तासांनी सुरू झाला, त्यात मुरडा आणि जुलाब होते, ताप नव्हता, उलट्या जवळजवळ नव्हत्या आणि एक-दोन दिवसांत तो ओसरला. हे वर्णन क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूशी फार जवळून जुळते. बॅसिलस सीरियसचा जुलाबांचा प्रकारही अगदी असाच दिसतो. हे दोन्ही जिवाणू मोठ्या भांड्यात शिजवून सावकाश निवू दिलेल्या अन्नात वाढतात. आंबूस चवीशी यांचा संबंध नाही. ज्या अन्नाने माणसे आजारी पडतात त्याची चव, वास आणि रंग बहुतेक वेळा अगदी व्यवस्थित असतात.

पुतण्याचा आजार मात्र मला या चित्रात बसत नाही. तो तीन दिवसांनी सुरू झाला, त्यात ताप आहे आणि रक्त आहे. त्याची गोष्ट वेगळी समजून तपासा.

प्रयोगशाळेतून

वहिनींना आत्ताच सांगा की ते डबे टाकू नका. कुणी चव घेऊनही पाहू नका. प्रत्येक डबा झाकणासह स्वच्छ पिशवीत बंद करा, त्यावर पदार्थाचे नाव, तो कधी आला आणि फ्रिजमध्ये कधी ठेवला हे लिहा आणि फ्रिजच्या थंड भागात इतर अन्नापासून दूर ठेवा. डीप फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. परफ्रिंजन्सचे जिवंत जिवाणू गोठवल्याने मोठ्या प्रमाणात मरतात आणि मग प्रयोगशाळेला जे सापडायला हवे ते सापडत नाही. मी या कामात बरीच वर्षे घालवली आहेत आणि चांगल्या हेतूने गोठवून आणलेले, पण तपासणीला निरुपयोगी झालेले नमुने पाहताना मला दर वेळी हळहळ वाटली आहे.

दुसरे काम आज दुपारपर्यंत करा : तुमच्या भागातील अन्नसुरक्षा किंवा आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्या. डबा स्वतः खासगी प्रयोगशाळेत नेण्यापेक्षा अधिकाऱ्यांनी तो ताब्यात घेतलेला बरा, कारण नमुना कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला याची अखंड नोंद राहते. तशी नोंद नसेल तर समोरचा पक्ष सहज म्हणू शकतो की अन्न नंतर दूषित झाले. शिवाय त्या स्वयंपाकघरात जाऊन तापमान मोजणे, नोंदी पाहणे आणि कामगारांची चौकशी करणे हा अधिकार तुम्हाला नाही, तो अधिकाऱ्यांना आहे. स्वयंपाकघर एकदा धुतले गेले की तिथला पुरावाही जातो, म्हणून उशीर करू नका.

तिसरे काम थोडे किचकट आहे, पण प्रयोगशाळेइतकेच मोलाचे आहे. जेवलेल्या सर्व ३४ जणांची यादी करा, आजारी न पडलेल्यांनाही वगळू नका. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा : कोणते पदार्थ खाल्ले, कोणते नाही, किती वाजता जेवलात, त्रास केव्हा सुरू झाला, काय झाले, केव्हा थांबले, आणि आधीच्या तीन-चार दिवसांत आणखी कुठे काय खाल्ले. “गोड पदार्थ खाल्ला होता ना?” असे विचारू नका, कारण उत्तर प्रश्नातच ठेवल्यासारखे होते. मग प्रत्येक पदार्थासाठी दोन आकडे काढा : तो खाणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले आणि न खाणाऱ्यांपैकी किती टक्के. ज्या पदार्थात या दोन आकड्यांमध्ये मोठी दरी दिसेल त्याच्याकडे बोट जाते. ‘आजारी पडलेल्या बहुतेकांनी गोड खाल्ले होते’ या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी राहिलेल्या बहुतेकांनीही ते खाल्लेले असते.

आठवणीवर किती विसंबावे याबद्दल एक उदाहरण देतो. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय ओ१०४ या प्रकाराची मोठी साथ आली. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. सुरुवातीला स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर जाहीरपणे ठपका ठेवला गेला आणि तिथल्या शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान झाले. प्रत्यक्षात कारण मेथीच्या बियांपासून काढलेले मोड होते. ते सजावटीसाठी किंवा सॅलडमध्ये चिमूटभर घातलेले असल्यामुळे रुग्णांना खाल्ल्याचे आठवतच नव्हते. तपास करणाऱ्यांनी मग एका उपाहारगृहात जेवलेल्या गटांच्या ऑर्डरी आणि छायाचित्रे जमवली आणि कोणत्या पदार्थात काय घातले होते हे आचाऱ्याकडून समजून घेतले, तेव्हा मोडांकडे निर्देश झाला. तुमच्याकडेही कार्यक्रमाची छायाचित्रे असतील. ताटात काय होते ते त्यांत दिसते, ती एकत्र करा.

धाकटी_बहीण (शनिवार)

गुरुवारीच पुतण्याला दवाखान्यात नेले, नमुना दिला, आणि वडिलांना सलाईन लावावे लागले. ते आता घरी आले आहेत. तक्रार दिल्यावर शुक्रवारी अधिकारी येऊन दोन्ही डबे घेऊन गेले आणि पावती देऊन गेले.

सर्व ३४ जणांशी बोलून यादी केली. मांसाचा पदार्थ २२ जणांनी खाल्ला आणि त्यांतले १५ आजारी पडले. न खाणाऱ्या १२ जणांपैकी दोघे आजारी पडले, एक पुतण्या आणि एक आत्या. गोड पदार्थ २७ जणांनी खाल्ला, त्यांतले १४ आजारी पडले. न खाणाऱ्या सातांपैकी तीन. आत्या म्हणाली की तिने मांस घेतले नाही, पण वाढताना एकच डाव दोन्हीकडे फिरत होता. पुतण्याबद्दल विचारले तेव्हा कळले की कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तो शाळेच्या सहलीला गेला होता आणि तिथे मुलांना न तापवलेले ताजे दूध प्यायला दिले होते.

प्रयोगशाळेतून

हे काम तुम्ही फार नीट केले आहे. पुतण्याला या हिशेबातून काढा. आजाराची व्याख्या ‘जेवणानंतर २४ तासांच्या आत जुलाब किंवा मुरडा’ अशी ठेवली तर तो तिच्यात बसत नाही आणि न तापवलेले दूध, तीन-चार दिवसांचा अवधी, ताप व रक्त हे सर्व एकत्र आल्यावर मला कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूचा संशय येतो. त्याला बहुधा दोन ते पाच दिवस लागतात. कल्चरमधून ते स्पष्ट होईल. सहलीतली आणखी मुले आजारी असू शकतात, म्हणून ही माहिती शाळेला आणि आरोग्य विभागाला आजच कळवा.

उरलेल्या ३३ जणांत मांस खाणाऱ्यांपैकी ६८ टक्के आजारी आणि न खाणाऱ्यांपैकी ९ टक्के. गोड खाणाऱ्यांपैकी ५० टक्के (पुतण्या वगळून २६ पैकी १३) आणि न खाणाऱ्यांपैकी ४३ टक्के. गोड पदार्थ आंबूस असेलही, पण या आजारात त्याचा हात दिसत नाही. आत्याचा एक आकडा मी जसाच्या तसा राहू देईन. डावाचे कारण पटण्यासारखे आहे, पण सोयीचे आहे म्हणून आकडा बदलायचा नसतो.

प्रयोगशाळा अन्नाच्या दर ग्रॅममध्ये परफ्रिंजन्स किती आहेत ते मोजेल. एक लाखाच्या पुढचा आकडा सामान्यतः ठोस मानला जातो. मात्र तुमचा डबा पाच दिवस घरच्या फ्रिजमध्ये होता आणि त्यामुळे आकडा कमी आला तरी मांसाचा पदार्थ निर्दोष ठरत नाही, हे अहवाल वाचताना लक्षात ठेवा.

कायद्याचा_अभ्यासक

जबाबदारीचा प्रश्न तीन पायऱ्यांचा आहे आणि यातली एकही पायरी गाळता येत नाही. अन्न सदोष होते, त्याच अन्नामुळे आजार झाला आणि त्या आजारामुळे मोजता येण्यासारखी हानी झाली, हे तिन्ही दाखवावे लागते. बहुतेक दावे मधल्या पायरीवर कोसळतात. लोक शेवटच्या जेवणाला दोष देतात, पण लिस्टेरिया या जिवाणूचा आजार कधीकधी ७० दिवसांनी उद्भवतो आणि दूषित अन्नातून होणाऱ्या काविळीला, म्हणजे हेपटायटिस ए ला, १५ ते ५० दिवस लागतात. तुमच्याकडे एकाच जेवणातले अनेक रुग्ण, जुळणारा अवधी आणि खाणारे-न खाणारे यांची तुलना आहे. एकट्यादुकट्या रुग्णाकडे हे कधीच नसते. दिवाणी दाव्यात तुम्हाला शंभर टक्के खात्री द्यावी लागत नाही. तुमचे म्हणणे खरे असण्याची शक्यता खोटे असण्याच्या शक्यतेपेक्षा जास्त आहे हे पटवावे लागते.

पुतण्याचे नाव या तक्रारीत चुकूनही घालू नका. समोरच्या वकिलाने त्या एका मुलाच्या अहवालात वेगळाच जिवाणू दाखवला की तो म्हणेल, बाकीच्यांचेही कारण दुसरेच असेल. खऱ्या दाव्यात घातलेली एक चुकीची नोंद उरलेल्या पंधरा-सोळा खऱ्या नोंदींना कमजोर करते.

पाहुण्यांनी पैसे दिले नाहीत म्हणून त्यांचा हक्क जातो का, हा तुमचा प्रश्न एका अतिशय प्रसिद्ध खटल्याचा गाभा होता. १९२८ साली स्कॉटलंडमधील पेसली येथे एका स्त्रीला तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर विकत घेऊन दिली. बाटली अपारदर्शक होती आणि उरलेले पेय ओतताना त्यातून कुजलेल्या गोगलगायीचे अवशेष बाहेर पडले, असे तिचे म्हणणे होते. ती आजारी पडली. बाटली तिने विकत घेतलेली नसल्यामुळे तिचा कुणाशीच करार नव्हता. तरीही १९३२ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तीन विरुद्ध दोन अशा मताने ठरवले की ज्याच्या हाती आपला माल शेवटी पडणार आहे त्या माणसाप्रती उत्पादकाला वाजवी काळजी घ्यावीच लागते. ‘डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन’ या नावाने तो निकाल ओळखला जातो आणि हलगर्जीपणाच्या आधुनिक कायद्याचा तो एक पाया मानला जातो. बाटलीत गोगलगाय खरोखर होती की नाही हे मात्र न्यायालयात कधीच तपासले गेले नाही, कारण तत्त्व ठरल्यावर प्रकरण तडजोडीने मिटले. आज अनेक देशांत सदोष मालासाठी उत्पादकाचा निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही, माल सदोष होता एवढे दाखवणे पुरते. तेव्हा भावाचा मार्ग कराराचा आहे आणि पाहुण्यांचा मार्ग हलगर्जीपणाचा किंवा सदोष मालाचा. केटररने मांस आधीच दूषित अवस्थेत घेतले असेल तर पुरवठादारही साखळीत येतो, पण निवू देण्यातली चूक असेल तर जबाबदारी स्वयंपाकघराकडेच राहते.

केटररचा बचाव काय असेल हे त्यांनी फोनवर सांगितलेच आहे : अन्न तुमच्या घरी बाहेर राहिले. त्यावर उत्तर आत्ताच लिहून ठेवा. अन्न किती वाजता आले, गरम होते का, किती वाजता वाढले, किती वाजता उचलले. अकराला आलेले अन्न एकला वाढले असेल तर तेही प्रामाणिकपणे लिहा. आपल्या बाजूची उणीव लपवलेली नोंद उलटतपासणीत टिकत नाही.

काकांना ती पोस्ट आजच काढायला सांगा. अहवाल येण्याआधी कुणाचे नाव घेऊन दोष जाहीर करणे बदनामीचा दावा ओढवून घेते. ‘पैसे द्या, नाहीतर सगळीकडे लिहू’ असे म्हणणे तर अनेक ठिकाणी गुन्ह्यात मोडते. अधिकाऱ्यांकडे तक्रार करणे हा तुमचा हक्क आहे, त्याचा सौदा करू नका.

भरपाईबद्दल मी तुम्हाला मोठी आशा दाखवणार नाही. ज्यांना दीड दिवस त्रास झाला आणि ते बरे झाले त्यांच्यासाठी न्यायालयाचा खर्च मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त होण्याचा संभव आहे. त्यांच्या औषधांचा खर्च, बुडालेली रोजंदारी किंवा पगार आणि जेवणाचे दिलेले पैसे यांची एकत्र लेखी मागणी करणे शहाणपणाचे ठरेल. वडिलांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना उपचारासाठी दाखल व्हावे लागले, म्हणून त्यांची सर्व कागदपत्रे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि दावा करण्याची मुदत किती आहे हे स्थानिक वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा. केटररने काही रक्कम देऊ केली तर ती घ्यायला हरकत नाही, पण ‘यापुढे कोणतीही मागणी राहिली नाही’ असे लिहिलेल्या कागदावर, वडील पूर्ण बरे झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत, सही करू नका.

मोठे_स्वयंपाकघर

मी स्वतः शेकडो माणसांचा स्वयंपाक करणारे स्वयंपाकघर चालवतो, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. परफ्रिंजन्सचे बीजाणू, म्हणजे त्या जिवाणूचे कठीण कवचातले सुप्त रूप, उकळण्याने मरत नाहीत. मोठ्या पातेल्यातला रस्सा गॅसवरून उतरवून तसाच झाकून ठेवला तर वरचा थर निवतो आणि मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. त्या कोमट भागात, विशेषतः ४३ ते ४७ अंश सेल्सिअसला, हे जिवाणू दर दहा-बारा मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात. अमेरिकेच्या अन्नसंहितेत शिजलेले अन्न दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि एकूण सहा तासांत ५ अंशांवर आणण्याचा नियम आहे. पंचवीस-तीस लिटरच्या पातेल्यात ते निव्वळ झाकून ठेवून कधीच साधत नाही. पदार्थ उथळ परातींत ओतावा लागतो, भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळावे लागते, आणि वाढण्याआधी तो नुसता कोमट न करता आतपर्यंत ७४ अंशांच्या वर तापवावा लागतो. आमच्याकडे एकदा असे घडले. दोष आमचाच होता, आदल्या रात्री उशिरा काम संपवण्याच्या घाईत पातेले तसेच राहिले होते. आजारी पडलेल्या माणसांपैकी एक बाई गर्भवती होत्या. त्या बऱ्या झाल्या, पण ते तीन दिवस मी विसरलेलो नाही.

म्हणून केटररना दुसरा फोन करा. या वेळी आरोप न करता तीन गोष्टी विचारा : मांसाचा पदार्थ केव्हा शिजवला, रात्री तो कशात ठेवला, आणि नमुना राखून ठेवला आहे का. अनेक मोठ्या स्वयंपाकघरांत प्रत्येक पदार्थाचा थोडा भाग काही दिवस फ्रिजमध्ये बाजूला काढून ठेवतात. तो असेल तर अधिकाऱ्यांना तातडीने कळवा, कारण तो तुमच्या घरी कधी आलेलाच नाही आणि ‘अन्न तुमच्याकडे बिघडले’ या वादाचा निकाल त्यावरून लागू शकतो. त्याच दिवशी त्याच पातेल्यातले अन्न आणखी कुठे गेले होते हेही विचारा. ‘इतर कुणाची तक्रार नाही’ याचा अर्थ इतरांना त्रास झाला नाही असा होत नाही. दीड दिवसाच्या जुलाबासाठी फार थोडे लोक तक्रार करतात.

धाकटी_बहीण (पुढच्या आठवड्यात, बुधवार)

पुतण्याच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला. तो आता खेळतो आहे आणि लघवी व्यवस्थित आहे. सहलीतल्या आणखी चार मुलांना तसाच त्रास झाल्याचे शाळेने कळवले आणि दुधाची चौकशी स्वतंत्रपणे सुरू आहे.

केटररना भावाने स्वतः फोन केला. पदार्थ शनिवारी संध्याकाळी शिजवून रात्रभर मोठ्या पातेल्यात झाकून ठेवला होता आणि सकाळी गरम करून पाठवला होता, हे त्यांनी मान्य केले. राखून ठेवलेला नमुना नव्हता. दुसऱ्या एका घरीही तोच पदार्थ गेला होता. भावाने तिथे विचारले तेव्हा तिथेही सहा जणांना रविवारी रात्री जुलाब झाल्याचे कळले आणि त्यांनीही आता अधिकाऱ्यांकडे जबाब दिला आहे. आमच्या डब्याचा अहवाल यायचा आहे. काकांनी पोस्ट काढली. लेखी मागणीचा मसुदा वकिलांनी तयार केला आहे, त्यात वडिलांचा दावा वेगळा ठेवला आहे आणि पुतण्याचे नाव नाही.